पाहुणी व्हावं तर अशा घरी!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, अगदी खरं उत्तर द्या. आयतं ताट तुमच्यापुढे शेवटचं कधी आलं होतं? हॉटेलातलं नव्हे हं! तिथे काय, पैसे टाकले की वेटर आणून ठेवतो. मी म्हणतेय ते घरातलं ताट. दुसऱ्या एखाद्या बाईने आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या हाताने तुमच्यासाठी म्हणून रांधलेलं. आणि तुम्ही नुसतं मांडी घालून बसायचं. माहेरी गेल्यावर? पण तिथेही आई दमलेली दिसली की आपण पदर खोचून उठतोच!

म्हणून आज तुम्हाला एका निराळ्या घराविषयी सांगायचं आहे. हे घर आहे दूर जपानात. आजकाल आपल्याकडून जपानला जाणं काही नवलाचं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाची सून शिकायला गेलेली असते, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सहल काढतं. २०२४ साली साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे जपानला जाऊन आले. यातले बहुतेकजण मोठ्या शहरातल्या हॉटेलांत उतरतात आणि पेटीएवढ्या खोल्यांत झोपून परत येतात. त्यांनी जपान पाहिलेला असतो, पण जपानी घर पाहिलेलं नसतं. ते पाहायचं तर एखाद-दोन रात्री ‘मिन्शुकू’त काढायला हव्यात.

मिन्शुकू म्हणजे काय?

‘मिन्’ म्हणजे सामान्य लोक आणि ‘शुकू’ म्हणजे मुक्कामाची जागा. कोकणात नाही का आपण पाट्या वाचत, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’? अगदी तोच प्रकार. घरातल्या चार-सहा खोल्या पाहुण्यांसाठी ठेवायच्या, आणि बाकीच्या घरात कुटुंबाने राहायचं. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या घरांत, बर्फाळ डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरांत ही पद्धत रुजली. शेतीला किंवा मासेमारीला तो एक जोडधंदाच झाला.

‘रिओकान’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते पारंपरिक जपानी पद्धतीचं अतिथिगृह. बडदास्त मोठी आणि बिलही तसंच. मिन्शुकू त्याची साधी, गावाकडची बहीण म्हणा ना. रिओकानात गादी घालायला माणूस येतो, इथे बहुधा आपली आपणच घालायची. न्हाणीघर आणि संडास बहुतेक ठिकाणी सामायिक असतात. पण संध्याकाळचं जेवण आणि सकाळची न्याहारी मात्र घरची. दर माणशी असतो, खोलीमागे नव्हे, हे आधीच लक्षात घ्या. नाहीतर आपण खोलीचं भाडं समजून हिशेब करायचो आणि तिथे गेल्यावर चौघांचं बिल पाहून पोटात गोळा यायचा! दोन्ही वेळच्या जेवणासह माणशी साधारण आठ-दहा हजार येनांपासून पुढे धरून चाला.

आधी गाव बघू या

मिन्शुकू जपानभर आहेत. पण पहिल्यांदाच जाणार असाल, तर मी किसोच्या खोऱ्यातल्या त्सुमागो गावाचं नाव सुचवीन. का, ते सांगते.

पूर्वी एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारा डोंगरातून जाणारा एक रस्ता होता, नाकासेन्दो. त्यावर मुक्कामाची ६९ ठाणी होती. त्सुमागो हे त्यातलं बेचाळिसावं. १८६१ साली राजघराण्यातली काझुनोमिया शोगुनची वधू म्हणून क्योतोहून एदोला निघाली, ती याच रस्त्याने. पुढे आगगाडी आली. १९११ साली चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि पायी जाणारे वाटसरू संपले. वाटसरूंवर जगणारं गाव ओस पडू लागलं. तरुण मंडळी शहरांकडे गेली, घरं खचू लागली.

ही कहाणी आपल्यालाही नवी नाही. आपल्याकडेही अशी कितीतरी गावं आहेत. पण त्सुमागोच्या लोकांनी एक वेगळी गोष्ट केली. १९६८ पासून त्यांनी जुनी घरं दुरुस्त करायला घेतली. १९७१ साली गावाने मिळून तीन गोष्टींची शपथ घेतली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मोडायचं नाही. विजेच्या तारा दर्शनी रस्त्यावरून हलवल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी बंद केल्या. १९७६ साली सरकारने जतन करण्याजोग्या जुन्या वस्त्यांची पहिली निवड केली, तीत त्सुमागो होतं.

आता विचार करा, घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, मग त्यावर पोट कसं भरायचं? पाहुणे ठेवून! म्हणजे इथली पाहुण्यांची सोय ही नुसती हौस नाही. त्या घरांच्या लाकडी खांबांना तिचाच आधार आहे.

नागोया शहराहून रेल्वेने नाकात्सुगावाला उतरावं आणि बसने मागोमे या शेजारच्या ठाण्याला जावं. तिथून त्सुमागोपर्यंत आठ किलोमीटरची जुनी पायवाट आहे. चढ पहिल्या टप्प्यात, मग उतार. रमतगमत तीन तास. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या देवाच्या नव्हेत बरं का, अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून वाजवायच्या! मध्यावर एका जुन्या घरात वाटसरूंना फुकट चहा मिळतो, गावचेच लोक आळीपाळीने तिथे बसतात. चालणं झेपणार नसेल तर नागिसो स्टेशनवरून त्सुमागोला बस आहे.

उंबऱ्यापाशी

आता तुम्ही दारात पोहोचलात. वेळ किती झाली? तीन ते पाचच्या दरम्यान पोहोचा. जेवण सहा-साडेसहाला असतं, आणि तेही सगळ्यांचं एकदम. उशीर होणार असेल तर फोन करायलाच हवा. याविषयी पुढे आणखी बोलायचं आहे.

दार सरकवलं की आत मातीची किंवा फरशीची खोलगट जागा असते. पायताण तिथेच काढायचं, वरच्या लाकडी पायरीवर बूट घेऊन चढायचं नाही. आपल्याला हे शिकवायला नको. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवले की झालं. पुढे सपाता मिळतात, पण चटईच्या खोलीत सपाताही नकोत. ही चटई, ‘तातामी’, गवताची विणलेली असते. तिच्यावर चाकांची बॅग ओढलीत तर चरे पडतात. बॅग उचलून घ्या. खोलीत एका बाजूला चित्र टांगलेला, फुलं मांडलेला कोनाडा दिसेल. तो सामान ठेवायला नाही. आपण देव्हाऱ्यावर पिशव्या ठेवू का? तसंच समजा. संडासात वेगळ्या सपाता असतात. त्या घालून बाहेर आलात तर सगळं घर हसेल, रागावणार मात्र कुणी नाही.

घरची बाई पासपोर्टची प्रत मागेल. संशय घेते असं वाटून घेऊ नका, परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत तसा नियमच आहे. मग ती चहा आणून ठेवते, सोबत गोड वडीचा तुकडा. पाहुणे तिला बहुधा ‘ओकासान’ म्हणतात. ओकासान म्हणजे आई.

न्हाणीघराची भीती

“सगळ्यांसमोर अंघोळ? छे बाई!” असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे मला. लहान मिन्शुकूत बहुधा एकच न्हाणीघर असतं आणि पाहुण्यांनी ते आळीपाळीने वापरायचं असतं, आतून कडी लावून. मोठ्या ठिकाणी बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं असतं. तेव्हा आधी विचारून घ्या, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल.

पद्धत मात्र नीट समजून घ्या. लाकडी किंवा लादीचं मोठं टाकं गरम पाण्याने भरलेलं असतं. ते अंग धुण्यासाठी नाही, शेकण्यासाठी आहे. बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंघोळ आटपायची, साबणाचा थेंबही उरू द्यायचा नाही, आणि मगच टाक्यात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. निघताना टाक्याचं बूच काढायचं नाही! तेच पाणी तुमच्यानंतरच्यांना वापरायचं असतं. घरातल्या माणसांची पाळी सर्वांत शेवटी येते. पाणी चाळीस-बेचाळीस अंश तापलेलं असतं, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी जपून, थोडाच वेळ बसावं. मासिक पाळीच्या दिवसांत टाक्यात न उतरता बाहेरच अंघोळ करावी.

अंघोळीनंतर घालायला सुती ‘युकाता’ ठेवलेला असतो. आधी उजवी बाजू अंगाला लपेटायची, तिच्यावर डावी घ्यायची. उलटं केलंत तर ते मृताला नेसवण्याची रीत होते.

“आम्ही मासे खात नाही” हे कधी सांगायचं?

हा आपल्या घराघरातला खरा प्रश्न! जेवणाचं ताट समोर येईल तेव्हा तुमचे डोळे दिपतील. किसोच्या खोऱ्यात रानभाज्या, गव्हाळ रंगाच्या सोबा शेवया, आक्रोड आणि मिसोचं वाटण लावून काठीवर भाजलेला भाताचा ‘गोहेई मोची’, नदीतला भाजलेला मासा, आणि ‘सुन्की’ नावाचं, मिठाशिवाय आंबवलेलं पानांचं लोणचं. कधी गोड चटकदार परतलेले नाकतोडेसुद्धा! सामिष खाणाऱ्यांना प्रश्नच नाही.

पण शाकाहारी असाल तर एक गोष्ट जाणून घ्या. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’, आपल्या आमटीच्या कटासारखं एक पातळ पाणी. ते बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. भाजी पालेभाजीचीच असली तरी ती शिजलेली असते या पाण्यात. त्यामुळे ताटापुढे बसून “यात मासा नाही ना?” असं विचारलंत तर ओकासानची पंचाईत होते. तिने दुपारपासून शिजवलेलं सगळंच बाद होतं. आणि रात्री त्या डोंगरात दुसरं दुकानही उघडं नसतं.

म्हणून हे खोली ठरवतानाच लिहून कळवा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणू नका. मांस नको, मासे नको, माशाची दाशीही नको, अंडी-दूध चालतं की नाही, असं एकेक करून लिहा. मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीने जपानीत लिहिता येतं. तोंडी सांगायचं तर, “निकु तो साकाना वा ताबेमासेन,” म्हणजे मांस आणि मासे खात नाही. आधी कळलं तर समुद्रातल्या कोम्बू शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी काढता येते. तिने “जमणार नाही” असं कळवलं तरी वाईट वाटून घेऊ नका. जेवणाशिवाय नुसती झोपण्याची सोयही अनेक ठिकाणी मिळते. मग दशम्या, मेतकूट जवळ ठेवा. मात्र लसणाच्या चटणीची बरणी बंद खोलीत उघडण्याआधी विचार करा, तातामीत वास मुरतो! आणि काटेकोर शाकाहारच हवा, तर कोयासान पर्वतावर जा. तिथे पन्नासच्या आसपास मठ पाहुण्यांना ठेवून घेतात, आणि मठातलं जेवण मुळातच शाकाहारी असतं.

आपुलकी कशाला म्हणायचं?

आता मघाशी राहिलेलं बोलते. आपल्याकडे पाहुणा घरचा झाला, याची खूण काय? तो न कळवता येतो, थेट स्वयंपाकघरात शिरतो, पातेल्यावरचं झाकण उचलून पाहतो. “औपचारिकपणा कसला, आपलंच घर!” आपली आपुलकी अशी सैल, मोकळी. तिची गोडी मी नाकारत नाही. पण वेळीअवेळी आलेल्या पाहुण्यासाठी पुन्हा कणीक भिजवणारी कोण असते, हे तुम्हा-आम्हाला चांगलं ठाऊक आहे!

मिन्शुकूतली आपुलकी दुसऱ्या प्रकारची आहे. तिथे वेळ पाळणं हीच माया. तुम्ही पाचला येणार म्हणालात, तर त्या हिशेबाने टाक्यातलं पाणी तापतं, सहाच्या हिशेबाने भात लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, काय हे नियम! घर आहे की शाळा? पण थोडं थांबून पाहा. जेवण झाल्यावर “गोचिसोसामा” म्हणायची पद्धत आहे. यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ करणं. पाहुण्यासाठी सामान जमवायला कुणीतरी धावलं, त्या धावपळीला तो नमस्कार! आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो, तिथे रांधणाऱ्याच्या पायांची आठवण काढतात.

ती धावपळ प्रत्यक्षात कशी असते? पहाटे उठून न्याहारी, पाहुणे निघाले की खोल्या, चादरी, न्हाणीघर, मग बाजार, दुपारपासून रात्रीचा स्वयंपाक, रात्री भांडी, आणि सगळ्यांची अंघोळ झाल्यावर हिची. सहा पाहुणे म्हणजे सहाजणांपुरतंच सामान आणलेलं असतं. त्यातले दोघे न कळवता आलेच नाहीत, तर मोठ्या हॉटेलला काही वाटत नाही. या घराचा मात्र त्या दिवसाचा नफा गेला. जपानात आज शंभरातली एकोणतीस माणसं पासष्टीच्या वरची आहेत. खेडेगावांत तर हे प्रमाण याहून मोठं. किती मिन्शुकू एकट्या दुकट्या म्हाताऱ्या जोडप्याच्या कष्टांवर चालतात, मुलं शहरात. त्यांचे हात थकले की दारावरचा पडदा उतरतो तो कायमचा. म्हणून यायचं रद्द होणार असेल तर ज्या क्षणी ठरेल त्या क्षणी कळवा. पैसे बुडतात म्हणून नव्हे, बाजाराला निघालेली बाई दारातून परत फिरावी म्हणून.

आणि तुम्ही तिचा दिवस असा जपलात, की ती तुमचा जपते. दुपारी फिरून परत आलात की आतून आवाज येतो, “ओकाएरिनासाई!” घरी परतलेल्या लेकराला म्हणतात तेच, ‘आलीस का!’ थंडीत ‘कोतात्सू’पाशी बसवतात. कोतात्सू म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई पांघरलेलं बुटकं मेज. सगळ्यांनी त्यात पाय घालून बसायचं. भाषा येत नसली तरी संत्री सोलता सोलता नातवंडांचे फोटो दाखवून होतात!

ताटं उचलायला उठू का, असा मोह तुम्हाला होईलच. आपलं ताट नीट एकत्र करून ठेवा, पण स्वयंपाकघरात शिरू नका. ते तिचं राज्य आहे. एक दिवस बसून खायची सवय करा. आपल्याला तीच तर नाही!

निघताना हे लक्षात असू द्या

• सकाळी गादीची घडी घालून एका बाजूला ठेवा, चादर वर वेगळी ठेवा. कपाटात कोंबू नका.

• भातात काड्या उभ्या खोचू नका, काडीने काडीला घास देऊ नका. दोन्ही रीती मृताच्या क्रियेतल्या आहेत.

• भिंती कागदी असतात. रात्री नऊनंतर मोठ्याने बोलणं, मुलांची पळापळ नको.

• रोख येन जवळ ठेवा. अनेक लहान घरांत कार्ड चालत नाही.

• वर बक्षिसी देऊ नका, तिथे ती रीत नाही. त्याऐवजी घरून छोटीशी भेट न्या. काजूची पाकिटं, चहापूड, हातमागाचा रुमाल. दोन्ही हातांनी द्या.

• धुतलेले ओले कपडे तातामीवर ठिबकू देऊ नका. वाळत कुठे घालायचे ते विचारा.

जाण्यासाठी एप्रिल-मेचा वसंत किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पानगळीचा काळ उत्तम. या दिवसांत गर्दी फार, तेव्हा काही महिने आधी जागा ठरवा. एकटीने जाणार असाल तर तसं आधीच लिहा. गर्दीच्या दिवसांत काही घरं एका माणसासाठी खोली देत नाहीत.

निघण्याच्या वेळी म्हणायचं एक वाक्य पाठ करून जा: “ओसेवा नि नारिमाशिता.” म्हणजे, तुम्ही माझी काळजी वाहिलीत. हे म्हणून रस्त्याला लागलात की वळून पाहा. पुष्कळ घरांची रीत अशी की तुम्ही वळणाआड होईपर्यंत ओकासान दारात उभी असते. तुम्हीही हात हलवा, आणि मग बस गाठा. ती बाई आत गेली की लगेच चादरी काढायला घेणार आहे, आज संध्याकाळी पाचला दुसरं कुणीतरी यायचं आहे.